निगा राखली जाते

एक ढकलगाडी, एक फावडे आणि एक खोरे. जड कामासाठी आठवड्यातून दोन दिवस एक गडी. वर्षाचा पगार ५० पौंड आणि मैदानाच्या डागडुजीसाठी वेगळे २० पौंड. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सेंट अँड्रूज या गावातल्या ‘रॉयल अँड एन्शन्ट गोल्फ क्लब’ने १८६४ मध्ये टॉम मॉरिस नावाच्या माणसाला या अटींवर बोलावून घेतले आणि पुढच्या वर्षी तो कामावर रुजू झाला. सगळे जग ज्याला गोल्फचे माहेरघर मानते, त्या मैदानाची निगा राखण्याची एवढीच सामग्री होती.

ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुढे वाचू शकलो नाही, कारण ती माझ्या ओळखीची होती. माझे वडील एका छावणीतल्या गोल्फच्या मैदानावर माळी होते. त्यांच्याकडे एक विळा, एक फावडे, दोन घमेली आणि एक लांब लवचीक बांबू एवढी हत्यारे होती. पहाटे दिवस उजाडायच्या आत ते तो बांबू गवतावरून सपासप फिरवीत आणि दव झाडून टाकीत. दव तसेच राहिले तर गवताला रोग धरतो आणि चेंडूही नीट घरंगळत नाही. सकाळी सहा वाजता साहेबलोक खेळायला येत तेव्हा गवत कोरडे असे. ते कोरडे कसे झाले, हे विचारण्याचे कारण कोणाला पडत नसे.

मी इतिहासाचा विद्यार्थी नाही. बारावीनंतर एका सहकारी पतपेढीत चिकटलो आणि तिथेच आयुष्य गेले. इंग्रजी शिकलो ते क्लबच्या रद्दीतून. वाचून झालेली विलायती गोल्फ-मासिके क्लबातून रद्दीत निघत आणि वडील त्यातली चित्रे पाहण्यासाठी घरी आणीत. सेंट अँड्रूजचे नाव मी प्रथम तिथे वाचले. पुढे तीस-बत्तीस वर्षे ग्रंथालयांतून, जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून आणि अलीकडे संगणकावर मिळणाऱ्या जुन्या छापील कागदांतून त्या एका मैदानाचा माग काढत राहिलो. त्या गावी मी गेलेलो नाही. पण सभासदांचा क्लब म्हणजे नेमके काय, तो कशावर चालतो आणि कोण चालवतो, हे समजून घ्यायला त्या मैदानाइतका चांगला नमुना मला दुसरा सापडला नाही.

जमीन कोणाची?

क्लब म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कुंपण, फाटक आणि फाटकावरचा पहारेकरी उभा राहतो. सेंट अँड्रूजच्या ‘ओल्ड कोर्स’ला असे फाटकच नाही. गावातून समुद्राकडे जाणारा एक सार्वजनिक रस्ता मैदानाच्या पहिल्या आणि अठराव्या पट्ट्याला सरळ छेदून जातो. जगज्जेते खेळत असले तरी त्या रस्त्याने जायचा गावकऱ्यांचा हक्क कायम असतो.

याचे कारण जमिनीच्या इतिहासात आहे. समुद्र आणि शेती यांच्यामधल्या वाळूच्या, खुरट्या गवताच्या पट्ट्याला तिकडे ‘लिंक्स’ म्हणतात. तिथे पीक येत नाही, म्हणून ती गावाची समाईक जमीन राहिली. आपल्याकडच्या गायरानासारखीच. लोक तिथे मेंढ्या चारत, कपडे धूत आणि गवतावर वाळत घालीत, फुटबॉल आणि गोल्फ खेळत. १५५२ मध्ये आर्चबिशप जॉन हॅमिल्टन याला त्या जमिनीवर ससे पाळण्याची परवानगी मिळाली, आणि त्याच दस्तात गावकऱ्यांचा तिथे खेळण्याचा हक्क मान्य करण्यात आला. क्लब जन्माला येण्याच्या दोनशे वर्षे आधी खेळण्याचा हक्क कागदावर आलेला होता, आणि तो सभासदांचा नव्हता, गावाचा होता.

क्लबचा जन्म १४ मे १७५४ चा. त्या दिवशी २२ सरदार-जमीनदार आणि प्रतिष्ठित गृहस्थ एकत्र आले आणि त्यांनी एक चांदीची गोल्फ-काठी बक्षीस म्हणून लावली. त्या मंडळींनी जमीन विकत घेतली नाही. गावाच्या जमिनीवर खेळायचे, खेळ झाला की एकत्र जेवायचे, एवढाच त्यांचा बेत होता. १८३४ मध्ये राजा चौथा विल्यम याने आश्रय दिला आणि क्लबला ‘रॉयल अँड एन्शन्ट’ हे नाव मिळाले. दगडी क्लबघर उभे राहिले ते थेट १८५४ मध्ये. म्हणजे पहिली शंभर वर्षे या क्लबला ना जमीन होती, ना स्वतःचे घर.

मधल्या काळात जमीन गावाच्याही हातून गेली. अठराव्या शतकाच्या अखेरीस नगरपालिका कर्जात बुडाली आणि तिने लिंक्स विकून टाकली. १७९९ मध्ये ती डेम्प्स्टर नावाच्या व्यापारी कुटुंबाच्या ताब्यात आली आणि त्यांनी मांस व कातडे यांच्या धंद्यासाठी तिथे ससे सोडले. सशांनी मैदान पोखरले. गोल्फ खेळणारे आणि ससेवाले यांच्यात मारामाऱ्या झाल्या, गावकऱ्यांनी ससे मारले आणि प्रकरण न्यायालयांत गेले. हे भांडण सुमारे वीस वर्षे चालले. १८२१ मध्ये जेम्स चीप या शेजारच्या जमीनदाराने ती जमीन विकत घेतली. तो स्वतः गोल्फ खेळणारा होता, त्यामुळे मैदान वाचले.

त्याच १८२१ साली त्याच गावात एका विणकराच्या घरी मुलगा जन्मला. त्याचे नाव टॉम मॉरिस.

चेंडू स्वस्त झाला तेव्हा

मैदानाला माळी लागतो हे कळायला क्लबला शंभर वर्षे का लागली? कारण तोवर मैदान आपोआपच राखले जात होते. मेंढ्या आणि ससे गवत खुरटे ठेवीत. थंड वाऱ्यापासून आडोसा म्हणून मेंढ्या जिथे अंग टेकवीत तिथे जमीन झिजून वाळूचे खड्डे पडत. आजच्या ‘बंकर’ची उत्पत्ती अशी सांगितली जाते. खेळणारे मूठभर होते, कारण चेंडू महाग होता. कातड्याच्या पिशवीत टोपीभर उकडलेली पिसे ठासून तो शिवावा लागे. कुशल कारागिराच्या हातून दिवसाकाठी तीन-चारच चेंडू होत, आणि ओल्या हवेत तो लवकर फाटे.

१८४८ च्या सुमारास नवा चेंडू आला. मलायाच्या जंगलातल्या एका झाडाचा चीक गरम पाण्यात मऊ होतो आणि थंड झाला की कडक होतो. या गटापर्चापासून केलेला चेंडू पिसांच्या चेंडूच्या मानाने फार स्वस्त पडे, आणि फुटला तर पुन्हा वितळवून वळता येई. सेंट अँड्रूजमध्ये अशी एक कथा सांगतात, की पूर्वेकडून आलेल्या विष्णूच्या मूर्तीच्या खोक्यात हा चीक भरणीसाठी घातलेला होता आणि त्यातून पहिला चेंडू वळला गेला. कथा खरी असो वा नसो, साम्राज्याच्या एका टोकाला झाडाला घातलेल्या घावाने दुसऱ्या टोकाचे गवत तुडवले गेले, एवढे खरे. चेंडू स्वस्त झाला, तसे सुतार, शिंपी, दुकानदार खेळू लागले. १८५२ मध्ये गावात आगगाडी आली आणि बाहेरचे लोकही येऊ लागले. मेंढ्यांनी राखलेले मैदान एवढ्या पायांना पुरे पडेना.

टॉम मॉरिस तरुणपणी अ‍ॅलन रॉबर्टसन या नामांकित चेंडूवाल्याकडे पिसांचे चेंडू शिवायला शिकला होता. नव्या चेंडूवरून दोघांचे बिनसले आणि टॉम १८५१ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रेस्टविकला मैदान सांभाळायला गेला. रॉबर्टसन १८५९ मध्ये वारला. मैदानाची अवस्था बिघडत गेली, तेव्हा क्लबने टॉमला परत बोलावले आणि ढकलगाडी, फावडे आणि खोरे त्याच्या हाती दिले.

त्याने काय केले? काटेरी झुडपे तोडून खेळाचे पट्टे रुंद केले. जुन्या अरुंद मैदानावर जाणारे आणि येणारे खेळाडू एकाच भोकात चेंडू घालीत. आता हिरवळी मोठ्या करून एकेका हिरवळीवर दोन भोके ठेवणे शक्य झाले. आजही ओल्ड कोर्सवर १८ भोकांना ११ च हिरवळी आहेत, त्यांतल्या ७ जोडहिरवळी. भोकांच्या कडा ढासळत म्हणून त्यांत लोखंडी नळकांडी बसवली. पहिली आणि अठरावी या हिरवळी नव्याने बांधल्या. अठराव्या भोकाला आज त्याचेच नाव आहे. पहिली हिरवळ वेगळी झाल्यावर मैदान उजवीकडूनही खेळता येऊ लागले, तेव्हा एक आठवडा उलटे आणि एक आठवडा सुलटे असा पाळीने खेळ ठेवीत. एकाच जागी पाय आणि काठ्या पडून जमीन उघडी पडू नये, हा त्यातला हेतू होता.

आणि वाळू. एकदा ढकलगाडीतून वाळू हिरवळीवर सांडली आणि काही दिवसांनी त्याच जागी गवत दाट आले, हे त्याने पाहिले, असे सांगतात. तेव्हापासून ‘आणखी वाळू टाका’ हा त्याचा मंत्र झाला. पातळ थर देत राहिले की खळगे भरतात, पाणी झिरपते आणि मुळे पसरतात. आज जगभरच्या हिरवळींवर हेच करतात, आणि त्यासाठी यंत्रे आहेत.

इथे मला पुन्हा वडील आठवतात. मी पाचवी-सहावीत असेपर्यंत त्यांच्या मैदानावर हिरवळ नव्हतीच. पाणी कुठे होते? कोरड्या मुलखातल्या मैदानांवर असत ते ‘ब्राऊन’. चाळलेल्या वाळूत गाड्यांचे जळके ऑइल कालवायचे, ते भोकाभोवती गोल पसरायचे, धुम्मस करायची, आणि खेळणारे पुढे गेले की काठीला बांधलेले गोणपाट त्यावरून ओढून पावलांच्या खुणा पुसायच्या. वडिलांच्या तळहातांच्या रेषांतले ते काळे ऑइल दिवाळीच्या उटण्यानेही निघत नसे. पुढे बोअरवेल झाली, हिरवळ आली, आणि लावलेले गवत निघाले हरळीच्या जातीचे. वडील हसत म्हणायचे, “आमच्या बापजाद्यांची हाडं झिजली हरळी खणून काढण्यात, आन् मी पगार घेऊन तीच वाढवतोय.”

मुंबईचे रुपेरी पदक

सेंट अँड्रूज आणि आपला मुलूख यांचा धागा मला शोधावा लागला नाही, तो समोरच आला. क्लबच्या वसंत ऋतूतील स्पर्धेत पहिल्या क्रमांकाला ‘सिल्व्हर क्रॉस’ आणि दुसऱ्याला ‘बॉम्बे सिल्व्हर मेडल’ देतात. मुंबईत १८४२ मध्ये गोल्फ क्लब निघाला होता. त्या मंडळींनी १८४५ मध्ये हे पदक सेंट अँड्रूजला भेट पाठवले. भारतात त्याआधी १८२९ मध्ये कलकत्त्यात क्लब स्थापन झाला होता. ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना क्लब मानतात. कंपनीच्या नोकरीत स्कॉटिश माणसे पुष्कळ होती आणि ती आपल्या काठ्या बरोबर घेऊन आली.

उलट्या दिशेनेही माणसे गेली. मेजर ह्यू लायन प्लेफेअर हा बंगालच्या तोफखान्यातून निवृत्त होऊन सेंट अँड्रूजला परतला आणि १८४२ पासून १८६१ मध्ये मरेपर्यंत गावाचा नगरप्रमुख राहिला. बकाल झालेल्या गावाचे रस्ते त्याने सुधारले आणि समुद्र मैदान खाऊ नये म्हणून किनाऱ्याला भर घालून घेतली. लष्करी छावणी आखण्याची शिस्त आणि हिंदुस्थानात कमावलेला अधिकाराचा सराव या दोन्ही गोष्टी त्या गावाच्या कामी आल्या.

पण इकडे आलेल्या क्लबने एक गोष्ट बरोबर आणली नाही, ती म्हणजे गावाचा हक्क. क्लबची जमीन इथे सहसा सरकारी किंवा लष्करी असे, भोवती कुंपण असे आणि आत गोरे सभासद. नेटिव आत येई तो कॅडी, माळी किंवा बटलर म्हणून. मुंबईत भारतीयांनाही बरोबरीने सभासद होता यावे म्हणून गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पुढाकाराने विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब निघाला, तेव्हा पहिले महायुद्ध संपत आले होते. तिथे भारतीय सभासद झाले, पण सभासद आणि माळी यांच्यामधली रेघ तशीच राहिली. स्वातंत्र्यानंतर खेळणाऱ्यांची नावे बदलली. गवत कापणाऱ्यांची नावे आधीही कुठे लिहिलेली नव्हती, त्यामुळे ती बदलली की नाही हे सांगता येणार नाही.

आत कोण, बाहेर कोण

सेंट अँड्रूज म्हणजे समतेचे नंदनवन होते असे मला म्हणायचे नाही. टॉम मॉरिसने मानाची ‘ओपन’ स्पर्धा चार वेळा जिंकली. त्याचा मुलगा टॉमी याने तर ती लागोपाठ चार वेळा जिंकली आणि १८७५ च्या नाताळच्या दिवशी तो अवघ्या २४ व्या वर्षी वारला. तरीही बाप क्लबचा नोकरच राहिला. क्लबघराच्या दाराशी सभासदांना तो अदबीने सलाम करी. पुढे क्लबने सर जॉर्ज रीड यांच्याकडून त्याचे तैलचित्र काढून घेतले आणि क्लबघरात लावले. चित्राला आत जागा मिळाली. माणूस तिथे सभासद म्हणून बसला नाही.

बायकांची गोष्ट आणखी लांब. १८६७ मध्ये तिथल्या बायकांनी आपला वेगळा ‘लेडीज पटिंग क्लब’ काढला. बाईने काठी खांद्याच्या वर उचलणे सभ्यपणाचे मानत नसत, म्हणून त्यांच्या वाट्याला चेंडू फक्त हळूच ढकलायची उंचसखल हिरवळ आली. तिच्या टेकड्यांमुळे लोक तिला ‘हिमालय’ म्हणतात. ती आजही आहे, आणि थोडे पैसे भरून कोणीही पोरसवदा प्रवासी तिथे खेळू शकतो. मोठ्या क्लबने मात्र बायकांना सभासद करून घ्यायला १८ सप्टेंबर २०१४ हा दिवस उजाडावा लागला. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याच्या प्रश्नावर सार्वमत घेतले गेले तोच हा दिवस. क्लबच्या मतदानात ८५ टक्के मते ठरावाच्या बाजूने पडली.

मग या गावाचे वेगळेपण कशात? क्लबचे दार बंद होते, पण मैदानाचे नव्हते. ज्यांना क्लबात घेतले जात नव्हते त्यांनी आपले क्लब काढले. १८४३ मध्ये गावातल्या कारागिरांनी आपला ‘मेकॅनिक्स’ क्लब स्थापला, आणि तोही त्याच मैदानावर खेळू लागला. जमीन एकाची नसल्यामुळे एकाच मैदानावर अनेक क्लब नांदले. साहेब, शिंपी आणि धुणे वाळत घालणारी बाई या सगळ्यांचा त्यावर हक्क होता. कपड्यांवर पडलेल्या चेंडूचे काय करायचे याचासुद्धा तिथे नियम होता. धुणे बेकायदा ठरवण्याऐवजी खेळाचा नियम बदलला, ही गोष्ट मला कुठल्याही विजयापेक्षा मोठी वाटते.

१८९४ चा कायदा

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गर्दी इतकी झाली की दुसरे मैदान केल्यावाचून गत्यंतर उरले नाही. चीप कुटुंबाची जमीन विकली जाणार असे दिसताच प्रश्न उभा राहिला, की ती क्लबने घ्यावी की गावाने? श्रीमंत सभासदांच्या क्लबला ती घेणे अवघड नव्हते. पण गाव जागे झाले. १८९४ मध्ये ब्रिटिश संसदेने खास कायदा केला आणि लिंक्सची मालकी नगरपालिकेकडे गेली.

या कायद्यातली वाटणी नीट पाहण्यासारखी आहे. जमीन गावाची. गावकऱ्यांचा फुकट खेळण्याचा हक्क अबाधित. नवे मैदान आखण्याचा आणि मैदाने राखण्याचा खर्च क्लबचा, आणि त्या बदल्यात सभासदांना खेळाच्या वेळांत काही सवलत. देखरेखीला क्लब आणि नगरपालिका यांच्या प्रतिनिधींची एकत्र समिती. त्यानुसार ‘न्यू कोर्स’ १८९५ मध्ये खुला झाला. तो आखला टॉम मॉरिसने, वयाच्या सत्तरीनंतर. गावकऱ्यांना खेळायला पैसे पडू लागले ते थेट १९४६ पासून.

ज्याच्याकडे पैसा होता त्याला मालकी मिळाली नाही, आणि ज्याच्याकडे मालकी होती त्याच्यावर खर्चाचा बोजा पडला नाही. दोघांनाही एकमेकांवाचून चालेना. माझ्या मते ते मैदान टिकले याचे खरे कारण हे आहे. सशांच्या काळात मालकी एकाच्या हाती गेली आणि मैदान मरायला टेकले होते; ती आठवण गाव विसरले नव्हते. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या स्थानिक कारभाराची फेररचना होऊन जुनी नगरपालिका बरखास्त व्हायची होती, तेव्हा आधीच, १९७४ मध्ये, दुसरा कायदा करून ‘लिंक्स ट्रस्ट’ नेमला गेला. आज तिथली मैदाने तो ट्रस्ट चालवतो. बाहेरचा माणूससुद्धा नाव देतो, रोज चिठ्ठ्या निघतात, आणि ज्याचे नशीब फळफळेल तो ओल्ड कोर्सवर खेळतो.

या वाटणीत तिसराही एक हिस्सेदार होता, तो म्हणजे मैदानाचा राखणदार. रविवारी मैदान बंद ठेवण्यावर टॉम मॉरिस ठाम होता. तो धार्मिक होता हे खरे, पण माणसांना विश्रांती नको असली तरी मैदानाला ती हवी, असेही तो म्हणे. ५० पौंडांच्या नोकराचे हे म्हणणे सरदार-जमीनदारांनी ऐकले. आजही एरवीच्या रविवारी ओल्ड कोर्सवर गोल्फ नसतो. गावातले लोक तिथे कुत्री फिरवतात आणि मुले वाळूच्या खड्ड्यांत खेळतात.

आपल्याकडे बऱ्याच मैदानांची सुट्टी सोमवारी असते. वडिलांच्या मैदानाचीही तशीच होती. पण मैदानाची सुट्टी म्हणजे माळ्याचा सर्वांत जड दिवस. खड्डे बुजवायचे, वाळू पसरायची, खत टाकायचे, भोकांच्या जागा बदलायच्या. भोक रोज एकाच जागी ठेवले तर भोवतीचे गवत मरते, म्हणून ते हलवत राहावे लागते. वडील म्हणत, “मातीलाबी इसावा लागतो.” स्वतःच्या विसाव्याबद्दल त्यांना मी कधी बोलताना ऐकले नाही.

मस्टर

टॉम मॉरिस १९०३ मध्ये निवृत्त झाला आणि १९०८ मध्ये ८६ व्या वर्षी वारला. त्याचा पगार किती होता, गडी किती दिवस होता, अवजारे कोणती होती, हे मी दीडशे वर्षांनंतर आणि हजारो मैल दूर बसून तुम्हाला सांगू शकतो, याचे कारण एकच. क्लबने ते लिहून ठेवले आणि ती वही फेकली नाही.

काही वर्षांपूर्वी वडिलांच्या क्लबचा मोठा वर्धापन झाला. त्याची गुळगुळीत कागदावर छापलेली स्मरणिका मला एका सभासदांनी आपण होऊन आणून दिली. अध्यक्षांची छायाचित्रे होती, विजेत्यांच्या याद्या होत्या, क्लबघराच्या नूतनीकरणावर चार पाने होती. मैदानाबद्दल एक वाक्य होते : ‘मैदानाची निगा उत्तम राखली जाते.’ मराठीचा कर्मणी प्रयोग फार सोयीचा आहे. निगा राखली जाते, दव झाडले जाते, वाळू टाकली जाते. कर्ता लागतच नाही.

मी क्लबच्या कार्यालयात गेलो आणि जुनी मस्टर-बुके पाहायला मागितली. वडील कोणत्या साली लागले, तेव्हा रोज काय होता, त्यांच्याबरोबर आणखी किती जण होते, एवढेच मला हवे होते. कारकून भला माणूस होता. त्याने कपाटे उघडून दाखवली. संगणक आला तेव्हा जुनी मस्टरे रद्दीत दिली, असे तो म्हणाला, आणि त्याला वाईट वाटल्याचेही दिसले. मी काय बोलणार? ज्या रद्दीने मला वाचायला शिकवले, त्याच रद्दीत माझ्या बापाची नोकरी गेली होती.

म्हणून हा लेख. आपल्याकडे शंभरी गाठलेल्या किंवा गाठू पाहणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत : जिमखाने, तालमी, वाचनालये, नाट्यगृहे, क्लब. त्यांचे इतिहास लिहिले जातात तेव्हा ठराव, देणगीदार आणि अध्यक्ष यांवर ते उभे राहतात. संस्था मात्र रोज सकाळी कोणी तरी कुलूप उघडतो, झाडतो, पाणी मारतो म्हणून उभी राहते. त्याचा पुरावा मस्टरमध्ये असतो, पगारपत्रकात असतो, फावडे-घमेल्याच्या खरेदीच्या पावतीत असतो. वाचकांपैकी कोणी अशा संस्थेच्या कार्यकारिणीवर असेल तर एवढेच मागणे आहे, की दिवाळीच्या साफसफाईत हे कागद बाहेर काढू नका. एका कपाटाचीच तर जागा लागते.

मुंबईहून गेलेले ते रुपेरी पदक अजून दर वसंतात सेंट अँड्रूजमध्ये दिले जाते. ते पाठवणाऱ्यांचा मुंबईतला क्लब कधीच इतिहासजमा झाला. त्या क्लबचे गवत कोणी कापले असेल, याचा विचार मी अधूनमधून करतो. माझ्याकडे वडिलांचा बांबू आहे. तो मधोमध मुठीने गुळगुळीत झालेला आहे.